पन्नासपैकी तीस

या वीकेंडचा विषय जरा वेगळा आहे. कोड नाही, मॅनेजर नाही, हिंजवडीचं ट्रॅफिक नाही. विषय आहे पायातली ताकद, आणि ती ताकद किती वेळात बाहेर येते हा प्रश्न. लेख लांब आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल :)

मत असं: आपल्याकडची हजारो पोरं-पोरी ज्या परीक्षेसाठी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात, त्या परीक्षेत धावत राहण्याला कमी गुण आहेत आणि एका क्षणात सगळी ताकद बाहेर काढण्याला जास्त. सराव मात्र सगळा पहिल्या गोष्टीचा चालतो. यात पोरांचा दोष नाही. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि सांगायला पैसा लागत नाही, हे जास्त चीड आणणारं आहे.

आता नीट सांगतो.

वालचंदनगरच्या आसपास, म्हणजे जंक्शन, लासुर्णे, अंथुर्णे, कळंब, बेलवाडी या भागात कधी पहाटे गाडीनं गेलात तर रस्त्याच्या कडेनं ओळीनं धावणारी मुलं दिसतील. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरही दिसतील. यातली निम्म्याहून अधिक मुलं 'भरती'वाली असतात, असं त्या भागातलं कुणीही सांगेल. भरती म्हणजे पोलीस, नाहीतर मिलिटरी. ऊस आहे, कारखाने आहेत, पण एका घरात दोन एकर आणि तीन भाऊ असं गणित झालं की खाकी वर्दी हाच हक्काचा पगार. आपण कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी जेवढं टेन्शन घेतलं होतं त्याच्या दहापट टेन्शन या पोरांच्या घरात असतं.

२०२२ साली पोलीस शिपाई भरतीचे नियम बदलले. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुणांची वाटणी तीच. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. लेखी परीक्षेला बसायचं तर मैदानात निदान निम्मे गुण मिळवावे लागतात, आणि प्रत्यक्षात निम्म्यावर कुणाचं भागत नाही.

आता बेरीज करा. १०० मीटर आणि गोळा मिळून ३०. लांब धावण्याचे २०. म्हणजे पन्नासपैकी तीस गुण अशा दोन गोष्टींचे आहेत ज्यात दमसास जवळपास काहीच कामाचा नाही. एक गोष्ट बारा-तेरा सेकंदांत संपते आणि दुसरीतला खरा जोर सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात लागतो. आणि आपला सराव काय? रोज आठ-दहा किलोमीटर रनिंग, वर शे-दोनशे बैठका, आणि गोळा महिन्यातून एकदा, तोही नंबर लागला तर!

माझा एक मामेभाऊ आहे. वय २६. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८, म्हणजे त्याच्या हातात फार तर एक-दोन संधी. तो ज्या अकॅडमीत जायचा (नाव नको) तिथं ऐंशी पोरांत एक गोळा होता. मैदानी चाचणीच्या तीन आठवडे आधी त्याच्या दोन्ही नडग्या दुखायला लागल्या. सरांनी सांगितलं, पळत राहा, निघून जाईल. निघून कसली जाते! चाचणीच्या दिवशी १६०० त्यानं कसंबसं ओढलं, १०० मीटरला पाय उचलेना, आणि गोळा तर त्यानं आयुष्यात मोजून सात-आठ वेळा फेकलेला. मी विचारलं, "अरे, वजनं वगैरे काही उचलत नव्हतास का रे?" तर म्हणाला, "नाय दादा, सर म्हणत्यात वजन उचललं की अंग जड पडतंय, मग पळणं व्हत नाय."

हे वाक्य मी तेव्हापासून किमान वीस जणांकडून ऐकलंय. म्हणून या लेखाचा प्रपंच.

थोडं फिजिक्स करू या. (इंजिनिअर आहोत, तेवढं चालतं.)

७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर जायचा असेल तर हातातून सुटताना त्याचा वेग साधारण सेकंदाला ८.१ मीटर लागतो. सात मीटरच जायचा असेल तर ७.२ पुरतो. साडेआठ मीटरवाल्या गोळ्यात सुटतानाची ऊर्जा किती? अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर २३८ ज्यूलच्या आसपास. आता हा आकडा मोठा वाटतो, पण सत्तर किलोचा माणूस जिन्याच्या दोन पायऱ्या चढतो तेव्हा जवळपास तेवढीच ऊर्जा खर्च करतो. दोन पायऱ्या! म्हणजे ऊर्जा कुणाकडेही आहे, आजीकडेही आहे. अडचण ही आहे की गोळ्याला शेवटचा रेटा द्यायला साधारण पाव सेकंद मिळतो. दोन पायऱ्या पाव सेकंदात चढून दाखवा, म्हणजे गोळाफेक काय आहे ते कळेल.

धावण्याचंही तेच. आपण रमतगमत धावतो तेव्हा प्रत्येक पाऊल पाव सेकंदाच्या आसपास जमिनीवर टेकलेलं असतं. पूर्ण वेगात धावणाऱ्या चांगल्या स्प्रिंटरचं पाऊल जमिनीवर असतं सेकंदाचा दहावा भाग, किंवा त्याहून कमी. वेग वाढतो तो पाय हवेत भराभर हलवल्यानं नाही. त्या दहाव्या हिश्श्यात जमिनीला किती जोरात ढकललं त्यावर तो ठरतो. अमेरिकेत पीटर वेयंड आणि मंडळींनी २००० साली हे मोजून दाखवलं. वेगवान आणि संथ धावपटूंचे पाय हवेत पुढे यायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो जमिनीवरच्या जोरात.

आता खरी गोम. आपल्या स्नायूंना त्यांचा जास्तीत जास्त जोर गाठायला ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. आणि वापरायला मिळतात ०.१. म्हणजे तुमच्याकडे किती ताकद आहे हा एक प्रश्न, आणि त्यातली पहिल्या दहाव्या हिश्श्यात किती मिळते हा दुसराच प्रश्न. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला थ्रूपुटचा आणि दुसरा लेटन्सीचा. सर्व्हर कितीही मोठा असू दे, रिस्पॉन्स यायच्या आत युजर निघून गेला तर उपयोग काय?

स्फोटक ताकद म्हणतात ती हीच. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३८ मध्ये स्नायूच्या जोराचं आणि वेगाचं नातं मांडलं: आकुंचनाचा वेग वाढला की जोर कमी होतो. पॉवर म्हणजे दोन्हींचा गुणाकार, आणि तो मधे कुठेतरी सगळ्यात जास्त असतो. म्हणून सरावही दोन्ही टोकांकडून लागतो. एका बाजूनं जड वजन सावकाश उचलून जोराची मर्यादा वाढवायची, दुसऱ्या बाजूनं हलकं ओझं (किंवा नुसतं स्वतःचं शरीर) अतिशय वेगानं हलवून ती वेळेत बाहेर काढायला शिकायचं.

आणखी एक गोष्ट. स्नायूतले तंतू एकदम सगळे कामाला लागत नाहीत. आधी छोटे, न दमणारे उठतात. मोठे, जोरकस आणि लवकर दमणारे तंतू अगदी गरज पडली तरच उठतात. सावकाश दहा किलोमीटर धावताना त्यांना कुणी फारसं हाक मारत नाही. मग वर्षभर ज्यांना कामच दिलं नाही ते ऐन चाचणीच्या दिवशी बारा सेकंदांसाठी ड्यूटीवर हजर होतील, ही अपेक्षा करायची कशी? लोड टेस्टिंग न करता दिवाळीच्या सेलला साइट लाइव्ह करण्यासारखं आहे हे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं ज्ञान आहे, इंदापूरला कुठून येणार? तर तसंही नाही. यातलं अर्धं आपल्या अंगणात होतं.

लंगडी आठवते? एका पायावर उड्या मारत दुसऱ्याला पकडायचं. प्रत्येक उडीत पाय जमिनीवर टेकतो, स्नायू आणि कंडरा ताणले जातात, आणि गलोलीच्या रबरासारखे लगेच आखडून शरीर पुढे फेकतात. सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हर्खोशान्स्कीनं १९६० च्या दशकात नेमक्या याच तत्त्वावर उंचावरून खाली उडी मारून लगेच वर उसळण्याचा व्यायाम बसवला. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत या सगळ्या प्रकाराला प्लायोमेट्रिक्स असं भारदस्त नाव मिळालं. आता मुंबई-पुण्यातल्या जिमवाले त्याचे वेगळे पैसे घेतात. आमच्या शाळेत ते फुकट होतं, आणि पाचवीनंतर 'लहान मुलांचा खेळ' म्हणून बंदही झालं! खो-खोचंही तसंच. बसलेल्या अवस्थेतून 'खो' मिळाल्याबरोबर झेपावणं हा स्प्रिंटच्या स्टार्टचाच भाऊ आहे.

तालमीची परंपरा तर आपल्या भागाला आहेच. पण इथं मला थोडं वाकडं बोलायचंय. जोर-बैठकांबद्दल मला आदर आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ आणलं ते या मातीतून. पण तालमीतून आपण उचललं काय, तर आकडा. 'आमचे आजोबा हजार बैठका मारायचे.' बरोबर आहे, पण हजार बैठकांनी मिळतो तो दमसास आणि चिवटपणा. पैलवानाला तो हवाच. १०० मीटरवाल्याला हजार बैठकांपेक्षा पाठीवर वजन घेऊन नीट मारलेल्या पाच बैठका जास्त देतात, आणि त्या पाचांच्या मध्ये त्यानं तीन मिनिटं बसून राहिलेलं चालतं. चालतं काय, राहायलाच हवं.

आपल्याला हे 'बसून राहणं' पचत नाही, असं माझं निरीक्षण आहे. घाम आला नाही, दम लागला नाही, उलटी झाली नाही, तर तो व्यायाम कसला? सरांनाही तसंच वाटतं, पोरांच्या बापालाही तसंच वाटतं. पण दमलेल्या शरीरानं मारलेला स्प्रिंट म्हणजे संथ धावण्याचाच सराव. कोचमंडळींचा एक ठोकताळा आहे: पूर्ण वेगात दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती. म्हणजे ६० मीटर पळालात तर सहा मिनिटं थांबा. ऐकून पोरं हसतात. पण सेकंदाचा दहावा हिस्सा कमावायचाय, तिथं थकवा हा शत्रू आहे.

वालचंदनगरचा विषय निघालाच आहे तर कारखान्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात या माळरानावर साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. पुढे त्याच गावात साखर कारखान्यांची यंत्रं, बॉयलर, गिअर बनू लागले, आणि नंतर इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं त्याच्या दोन बाजूंच्या एस-२०० बूस्टरचे भाग इथं बनलेले. एका बूस्टरमध्ये २०० टनांच्या आसपास घन इंधन, आणि ते सगळं जळून जातं दोन मिनिटांच्या थोडं पुढे-मागे. एवढं इंधन दोन दिवसांत जाळलं असतं तर रॉकेट जागचं हललं नसतं, नुसती शेकोटी झाली असती. आणि ते दोन मिनिटांत जाळायचं तर भोवतीचं पोलादी कवच तेवढा दाब सोसणारं लागतं.

खेळाडूच्या बाबतीत ते कवच म्हणजे कंडरा, सांधे आणि हाडं. म्हणून उड्या मारण्याच्या आधी मूलभूत ताकद लागते, आणि म्हणूनच युट्यूबवर बघून पहिल्याच दिवशी पाच फूट भिंतीवरून उड्या मारणाऱ्या पोराला मी थांबवीन. व्हर्खोशान्स्कीनंही तो व्यायाम आधीच तयार झालेल्या, ताकदवान खेळाडूंसाठी सांगितला होता. ज्या गावाला केसिंगचं महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या गावाच्या पोरांच्या नडग्या भरतीआधी तुटायला नकोत, एवढंच माझं म्हणणं.

आता उदाहरणं बघू, कारण नुसत्या थिअरीनं कुणी पटत नाही.

सर्वेश कुशारे. नाशिक जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. उंच उडी. शाळेत मॅट नव्हती, तर क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांच्या मदतीनं मक्याच्या भुश्याची गादी करून तो त्यावर पडायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला, आणि २.२८ मीटर ही स्वतःची सर्वोत्तम उडी मारून सहावा आला. लोक ही गोष्ट 'गरिबीवर मात' म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या शिक्षकांना नेमकं कळलं होतं की पडायची जागा मऊ असेल तरच पोरगं पूर्ण जोरानं, पाठीवर पडायला न घाबरता उडी मारेल. १९६८ साली डिक फॉस्बरीनं पाठीवर पडणारी उडी जगाला दाखवली, ती शक्य झाली फोमच्या जाड गाद्या आल्या म्हणून. नाशिककडं फोम नव्हता, मका होता. तत्त्व समजलं की साहित्य सापडतं. तत्त्वच माहीत नसेल तर लाखाची मॅट आणून शाळेच्या गोडाऊनमध्ये उंदीर खातात.

सचिन खिलारी. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला. एका हाताला लहानपणीच अपंगत्व आलेलं. शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलाच. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक. एका हातानं एवढं अंतर काढायचं तर जोर पायातून, कमरेतून यावा लागतो हे वेगळं सांगायला नको. आपली पोरं गोळा 'हातानं' फेकतात. उभं राहायचं, खांद्यावर घ्यायचा, ढकलायचा. पाय फक्त उभं राहण्यापुरते! मामेभावाला मी एवढंच सांगितलं की मागच्या पायानं जमिनीला ढकल, कंबर आधी फिरव, हात सगळ्यात शेवटी. तासाभरात अर्धा मीटर वाढला. यात माझं कौतुक काही नाही, कुणीही सांगितलं असतं. कुणी सांगितलं नव्हतं, हा मुद्दा आहे.

आणि नीरज चोप्रा. हरियाणाचा असला तरी पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटशी त्याचं नातं आहे; तिथल्या स्टेडियमला २०२१ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. टोकियोत ८७.५८ मीटर, आणि मे २०२५ मध्ये दोह्याला ९०.२३. त्याच्यामागे क्लाउस बार्टोनिट्झसारखा बायोमेकॅनिक्सचा तज्ज्ञ बराच काळ उभा होता. म्हणजे ज्ञान पुण्यात आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून आहे. वालचंदनगरहून पुणं तीन-साडेतीन तास. १९३० च्या दशकात साखरेचं तंत्रज्ञान सातासमुद्रापलीकडून या माळावर आलं, आणि आज स्प्रिंटमध्ये विश्रांती घ्यायची असते एवढी माहिती पुण्याहून येईना? कमाल आहे.

आता आक्षेप. मी वाद घालताना नेहमी भेटणारे तीन.

पहिला: 'वजन उचललं की शरीर जड होतं, वेग जातो.' बॉडीबिल्डिंगसारखं रोज दोन तास पंप मारत बसलात आणि धावणं सोडलंत तर होईलही. पण कमी आवर्तनं, चांगलं वजन, पुरेशी विश्रांती या पद्धतीत स्नायू फुगण्यापेक्षा मज्जासंस्था शिकते. जगातला कुठलाही स्प्रिंटर बघा, वजनं उचलतोच. इतकंच काय, लांब धावणाऱ्यांनाही ताकदीच्या व्यायामाचा फायदा होतो, तेवढ्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागतो. म्हणजे १६०० चे २० गुणही यातून थोडे सुधारतात.

दुसरा: 'मुलींनी वजन उचलू नये.' हे ऐकलं की मला हसू येतं आणि रागही. त्याच गावात उसाच्या फडात बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, सात महिन्यांची गरोदर असली तरी चढतात. तेव्हा कुणाला वजनाची काळजी वाटत नाही. पोरीनं खांद्यावर वीस किलोची सळई घेऊन बैठका मारल्या की मात्र गावभर चर्चा! मुलींच्या चाचणीतही ५० पैकी ३० च आहेत. उलट मुलींना याचा फायदा जास्त व्हावा, कारण त्यांना शाळेपासून ताकदीचा सराव कुणी करू दिलेलाच नसतो. सुरुवात शून्यापासून असली की पहिली सुधारणा भराभर होते.

तिसरा आणि खरा आक्षेप: 'जिम नाही, पैसे नाहीत.' यावर मात्र मी गप्प बसत नाही, यादीच देतो.

१. वाळू भरलेली गोणी. २० किलोपासून सुरुवात. छातीशी धरून बैठका, जमिनीवरून उचलणं, डोक्यावरून मागे फेकणं. फेकताना पूर्ण जोर. पाच-सहा फेकी, मग विश्रांती.

२. लंगडी आणि दोन पायांवर लांब उड्या, मऊ मातीत किंवा गवतावर. आधी उतरायला शिका: गुडघे आत वळता कामा नयेत, आवाज कमी आला पाहिजे. एका दिवशी एकूण चाळीस-पन्नास स्पर्श पुरे.

३. ३० आणि ६० मीटरचे स्प्रिंट, डांबरावर नाही, मातीवर. चार ते सहा. मधे भरपूर थांबा. कालव्याच्या भरावाचा चढ मिळाला तर तिथं २० मीटरचे चढाचे स्प्रिंट, ते तर फारच छान.

४. गुडघ्यावर बसायचं, मित्रानं घोटे धरायचे, आणि सावकाश पुढे झुकत जायचं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामानं तिथल्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झालेल्या दिसल्या. खर्च शून्य, फक्त मित्र हवा.

५. गोळा. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा-वीस फेकी, ताज्या अंगानं, धावण्याच्या आधी.

हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. उरलेल्या दोन दिवसांत १६०० चा सराव, एक दिवस पूर्ण आराम, एक दिवस काय वाटेल ते. नडगी दुखत असेल तर थांबा आणि डॉक्टरला दाखवा. 'पळत राहा, निघून जाईल' हा सल्ला देणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा.

आणि हो, पावडरी आणि इंजेक्शनं यांच्यापासून लांब. जिथं तीस गुण योग्य सरावानं मिळवता येतात, तिथं कुणाच्या तरी खोक्यातल्या औषधावर यकृत आणि नोकरी दोन्ही पणाला लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पण हेही लक्षात घ्या, योग्य रस्ता माहीत नसला की माणूस शॉर्टकट शोधतो. रस्ता दाखवणं हा सुद्धा एक बंदोबस्तच आहे.

आता आपल्याबद्दल. आपण नऊ तास खुर्चीत बसणारी मंडळी, आपला यात काय संबंध? एक संबंध स्वार्थी आहे. वय वाढतं तसं माणसाची स्फोटक ताकद साध्या ताकदीच्या आधी आणि जास्त वेगानं घटते. म्हातारपणी ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे येतो की माणूस पडतो, हे त्यावरच ठरतं. तेव्हा ट्रेडमिलवर मोबाइल बघत चालणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा थोड्या उड्या मारल्या तर बिघडत नाही :)

दुसरा संबंध जरा मोठा. आपल्यातले बरेच जण दिवाळीत, जत्रेला गावी जातात. मंडळाला वर्गणी देतात, फ्लेक्सवर फोटो छापून घेतात. एका फ्लेक्सच्या पैशात बहुतेक एक गोळा, एक मोजपट्टी आणि एक स्टॉपवॉच येईल. ऐंशी पोरांत एक गोळा असण्यापेक्षा वीस पोरांत एक असेल तर गुणांवर काय फरक पडेल, याचा हिशोब करायला मॅनेजमेंटची डिग्री नको. वस्तू देऊन थांबू नका. अर्धा तास मैदानात उभे राहा, पोरांचे स्प्रिंट मोजा, आकडे वहीत लिहा, पुढच्या वेळी जाल तेव्हा तुलना करा. आपल्याला डेटा बघायचा पगार मिळतो. तीच सवय तिथं वापरायची.

मामेभावानं आता वही केली आहे. पहिल्या पानावर त्यानं तीनच आकडे लिहिलेत: २०, १५, १५. पुढची भरती निघेल तेव्हा निघेल. तोवर आठवड्यातले दिवस त्या आकड्यांप्रमाणे वाटायचे, एवढं तरी आपल्या हातात आहे.